हिद्देचं पथ्य

निन्के: हात दाखव आधी.

हिद्दे: अगं, काही नाहीये. भट्टीच्या दाराला लागला जरासा. बेकरीवाल्याचा हात आहे, भाजणारच.

निन्के: बाबा गेल्यापासून तू ह्या भट्टीसमोर उभा आहेस. तिचं दार कुठे आहे ते तुला झोपेतही कळतं. चक्कर आली ना?

हिद्दे: कोण म्हणालं?

निन्के: तुझी बायको. सीत्स्के दुकानात गिऱ्हाईक बघत होती, तेवढ्यात आत धप्प आवाज झाला. येऊन बघते तर साहेब पिठाच्या पोत्याला टेकून जमिनीवर. तिने मला फोन केला.

हिद्दे: तुला कशाला? आजारी तू आहेस का मी?

निन्के: तेच विचारायला आलेय.

हिद्दे: आणि चालत आलीस? ह्या वाऱ्यात, बांधावरून? बस आधी. तो स्टूल घे. रंग बघ स्वतःचा, चीजच्या गोळ्यासारखी पिवळी पडलीयस.

निन्के: लिव्हरमधल्या पित्ताच्या नळ्या बंद पडत चालल्या की माणूस पिवळाच पडतो. त्यात नवल नाही. तू पांढरा का पडलास?

हिद्दे: पीठ उडालंय.

निन्के: पीठ गालावर उडतं. ओठांवर नाही.

हिद्दे: पुलावर बसून बसून तुला सवयच लागलीय, येईल त्या होडीला अडवायची.

निन्के: मी अडवत नाही, होड्या जाव्यात म्हणून कालव्यावरचा पूल उचलते. आणि आजारपणापासून तेही नाही, दुसराच कोणी उचलतो. विषय बदलू नकोस. पँट कशाने बांधलीयस ती? सुतळीने?

हिद्दे: पोत्याची आहे. चांगली चिवट असते. पट्ट्याची भोकं संपली. अगं, आनंद मान की! डॉक्टर काय म्हणाले होते? तुमच्या लिव्हरमध्ये चरबी साठलीय, असलं लिव्हर कापून बहिणीला बसवलं तर तिच्यात ते नीट धरणार नाही, तुमचं उरलेलंही नीट वाढणार नाही. आधी चरबी उतरवा, मग बघू. तर उतरवतोय.

निन्के: आज काय खाल्लंस?

हिद्दे: पथ्याचंच.

निन्के: म्हणजे काय, ते विचारतेय.

हिद्दे: सकाळी कॉफी. काळी, बिनसाखरेची. मग काकडी.

निन्के: मग?

हिद्दे: आत्ता तू आलीस.

निन्के: काल?

हिद्दे: काल सूप होतं.

निन्के: वाटाण्याचं?

हिद्दे: वाटाणे सीत्स्केला दिले. वरचं पाणी मी घेतलं.

निन्के: आणि तिला कळत नाही?

हिद्दे: वर घरात सांगतो की खाली बेकरीत खाल्लं. खाली कामावरची पोरं विचारतात त्यांना सांगतो की वर खाल्लं. मी पहाटेच्या आधी उठणारा माणूस, ती उठते तेव्हा माझं अर्धं काम झालेलं असतं. कोण बघतंय?

निन्के: हिद्दे, आपल्या दोघांना एकाच खोलीत बसवून त्या आहारवाल्या ग्रीतबाईंनी सांगितलं होतं. मासे खा, अंडी खा, घेवडा खा, काळा पाव खा, ताक पी. साखर, दारू आणि तुझा तो लाडका साखरेचा पाव तेवढा बंद. मी ऐकलंय माझ्या कानांनी. काकडीचं नाव तिने घेतलं नव्हतं.

हिद्दे: ते सावकाश उतरायचं पथ्य आहे गं. तीच म्हणाली ना, कमी खाल्लं की सगळ्यात आधी लिव्हरमधली चरबी उतरते? मग अजून कमी खाल्लं की अजून लवकर उतरेल. साधी गोष्ट आहे.

निन्के: भट्टी दुप्पट तापवलीस तर पाव निम्म्या वेळात भाजून निघतो का?

हिद्दे: ते वेगळं.

निन्के: काय होतं त्याचं?

हिद्दे: बाहेरून कोळसा, आतून कच्चा. पण ते वेगळं म्हणतोय ना! तुला घाई नाहीये का? रात्र रात्र अंग खाजवत बसतेस, मला माहितीय. डॉक्टरांच्या यादीत तुझा नंबर इतका खाली आहे की मेलेल्या माणसाचं लिव्हर तुझ्यापर्यंत यायला तुला मरायला टेकावं लागेल. हे मी नाही म्हणत, तेच म्हणाले, जरा गोड शब्दांत. आणि तू इथे बसून माझी सुतळी मोजतेस!

निन्के: मला वाटलं होतं तो विषय संपला.

हिद्दे: कुठला विषय?

निन्के: तुझ्या लिव्हरचा.

हिद्दे: संपला म्हणजे?

निन्के: जाऊ दे.

हिद्दे: नाही, आता बोल. पूल अर्धा उचलून ठेवू नकोस.

निन्के: तुला डॉक्टरांनी एकट्याला आत नेलं होतं ना, पहिल्या दिवशी? आणि सांगितलं असेल की कधीही मागे फिरावंसं वाटलं तर फिरा, कारण द्यायची गरज नाही. घरच्यांना आम्हीच सांगू की तब्येतीत काहीतरी आडवं आलं.

हिद्दे: तुला कसं माहीत?

निन्के: मलाही सांगितलं. सगळ्यांनाच सांगतात. म्हणजे कुणी कुणाला धरू नये. मग तो पहिला स्कॅन झाला आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की भावाच्या लिव्हरमध्ये चरबी आहे, तूर्तास जमणार नाही. मला वाटलं, हेच ते.

हिद्दे: काय हेच ते?

निन्के: आडवं आलेलं काहीतरी. पथ्य, पुढचा स्कॅन, हे सगळं नुसतं दाखवायला.

हिद्दे: म्हणजे तुला वाटलं मी पळालो?

निन्के: पळालास नाही. शहाणा झालास असं वाटलं. खरं सांगू? त्या रात्री मला झोप लागली. म्हटलं बरं झालं, निदान माझ्यापायी ह्याच्या पोटावर सुरी नको. मी रागावले नव्हते रे.

हिद्दे: मला कळलं होतं.

निन्के: काय कळलं होतं?

हिद्दे: तू तिथे पॅसेजमध्ये माझ्या पाठीवर थोपटलंस. कुणी मेल्यावर घरच्यांना थोपटतात ना, तसं. म्हणालीस, "असू दे हिद्दे, घरी जाऊ." तिथल्या तिथे मला कळलं तुझ्या मनात काय आलंय ते. आता मी काय सांगणार होतो? खरंच चरबी आहे गं, शपथ? जितकी शपथ घ्यावी तितका माणूस खोटा दिसतो.

निन्के: म्हणून उपास?

हिद्दे: म्हणून चरबी उतरवून दाखवायची. तोंडाने नाही, फोटोत.

निन्के: गाढवा.

हिद्दे: उद्या स्कॅन आहे.

निन्के: उद्या? तो तर ईस्टरनंतर होता.

हिद्दे: मी फोन करून अलीकडे आणला. म्हटलं, माणूस तयार आहे, कशाला थांबा.

निन्के: मला न सांगता?

हिद्दे: सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?

निन्के: नको म्हणाले असते.

हिद्दे: मग?

निन्के: उद्या मी येतेय बरोबर. आणि गाडी सीत्स्के चालवेल. तू नाही.

*

ग्रीत: या, बसा. निन्केबाई, ती पाठ असलेली खुर्ची घ्या. हिद्दे, तुम्ही इथे, माझ्यासमोर. स्कॅन मी बघितलाय, डॉक्टरांशीही बोलणं झालंय.

हिद्दे: आधी सांगा. आहे का नाही?

ग्रीत: चरबी? जवळजवळ गेलीय. मागच्या फोटोत लिव्हर लोण्याच्या गोळ्यासारखं दिसत होतं. आता लिव्हरसारखं दिसतंय.

हिद्दे: ऐकलंस? ऐकलंस का निन्के? खरी होती! होती आणि गेली!

निन्के: ऐकलं. बस खाली.

हिद्दे: मग तारीख? ह्याच महिन्यात मिळेल? बेकरीचं मी बघतो, माझा मेहुणा...

ग्रीत: हिद्दे, हे हातात धरा. हो, ही मूठ. पूर्ण जोर लावून दाबा.

हिद्दे: हे काय, जत्रेतला खेळ?

ग्रीत: दाबा तर. अजून. अजून जोर. हं, सोडा.

हिद्दे: काय झालं?

ग्रीत: तुम्ही आयुष्यभर पीठ मळलेले गृहस्थ. पहिल्या भेटीत हेच यंत्र तुम्ही दाबलंत तेव्हा मी घाबरले होते, मोडतं की काय म्हणून. आज माझ्या आईने ह्याहून जास्त दाबलं असतं.

हिद्दे: सकाळपासून उपाशी आहे, रक्त द्यायचं होतं म्हणून.

ग्रीत: आज सकाळपासून नाही. रक्तात प्रथिनं उतरलीत, दंडावरचं मांस गेलंय, खालचा ओठ फुटलाय. बघा, मी पोलीस नाही. पण काय खात होतात ते मला हवंय.

निन्के: काकडी.

ग्रीत: आणखी?

निन्के: सुपाचं पाणी. आणि थापा.

हिद्दे: तू गप्प बस जरा! बाई, चरबी उतरवा म्हणालात, उतरवली. आता म्हणता मांसही उतरलं. एक काय ते ठरवा.

ग्रीत: दोन्ही आधीच ठरलं होतं, हिद्दे. म्हणून तर मी मासे आणि अंडी सांगितली होती. चरबीने फुगलेलं लिव्हर रक्तापासून तुटलं की फार वेळ तग धरत नाही, दुसऱ्या अंगात गेल्यावर रुसून बसतं. म्हणून चरबी घालवायची. पण उपाशी लिव्हरही आम्हाला नको असतं. त्याच्या पोटात काहीच साठा नसतो. निन्केबाईंच्या अंगात जाऊन पहिल्या दिवसापासून त्याला राबायचंय, ते कशाच्या जोरावर राबणार?

हिद्दे: पण ते दिसतंय चांगलं म्हणालात.

ग्रीत: दिसतंय. आणि ज्याच्या पोटात ते आहे तो माणूस भट्टीसमोर पडतोय. सीत्स्केंनी सांगितलं मला बाहेर. हिद्दे, आम्ही तुमचं निम्म्याहून जास्त लिव्हर काढून घेणार. राहिलेल्याने पुन्हा वाढायचं, आणि त्याच वेळी ती एवढी जखमही भरायची. हे सगळं कशातून उभं राहणार? तुमच्या हाडांतून? डॉक्टर आज तुम्हाला हात लावायला तयार नाहीत.

हिद्दे: म्हणजे पुन्हा नाही.

ग्रीत: पुढे ढकललंय. नाही म्हटलेलं नाही.

हिद्दे: ती पुढे ढकलू शकते का? विचारा तिला! बघा ना तिच्याकडे!

ग्रीत: बघतेय. तुमच्या आधी त्यांचीच तपासणी केली मी. निन्केबाई, तुम्हीही शेवटचं पोटभर कधी जेवलात?

निन्के: मला भूक नसते. दोन घासांत पोट भरतं.

ग्रीत: माहितीय, आजारच तसा आहे. पण तुमची मूठ ह्यांच्याहून वाईट आहे. म्हणजे एक उपाशी माणूस दुसऱ्या उपाशी माणसाला लिव्हर देणार. अशा ऑपरेशनला मी तरी माझ्या घरचं माणूस पाठवणार नाही.

निन्के: किती थांबायचं?

ग्रीत: दोघं नीट जेवलात तर काही आठवडे. तेवढी तुमची तब्येत टिकेल, असं डॉक्टर म्हणतात. खाल्लंत तर टिकेल, हे मी म्हणते.

हिद्दे: मला आता खाता येत नाही.

ग्रीत: म्हणजे?

हिद्दे: हसू नका. अंडं पुढे घेतलं की मला तो पहिला फोटो दिसतो. पांढरा. वाटतं, हा घास गेला की तिथेच जाऊन चिकटणार आणि तिथून हिच्या पोटात. माझ्या हातचा पाव मीच विस्तवासारखा लांब धरतो.

ग्रीत: हसत नाहीये मी. इथे येऊन हे म्हणणारे तुम्ही पहिले नाही. अंड्याने ती चरबी झालेली नव्हती, हिद्दे. रोजचा साखरेचा पाव, वर बियर, आणि कणीक मळायलाही मशीन आणलंत तेव्हापासून बंद पडलेली हालचाल. ते परत आणू नका, बाकीचं सगळं खा. चाला. समोर कुणीतरी बसलेलं असू दे जेवताना.

निन्के: मी बसते.

हिद्दे: तू?

निन्के: रोज. तुझ्या घरी. तू घास घेतलास की मी घेईन. तू थांबलास की मी थांबेन, आणि मग मी मेले तर ते तुझ्या काकडीच्या डोक्यावर.

ग्रीत: हे माझ्या पुस्तकात नाही, पण चालेल.

*

हिद्दे: सीत्स्के कुठे गेली?

निन्के: मीच म्हटलं जा म्हणून. आपल्याकडे बघून बघून तिचंही जेवण सुटेल. हे घे. धुरी दिलेला बांगडा, अंडं, घेवडा. काळा पाव तुझाच आहे.

हिद्दे: एवढं?

निन्के: माझ्या ताटातही एवढंच आहे. तू सुरू कर.

हिद्दे: आधी तू.

निन्के: मी मोठी आहे. तू.

हिद्दे: लहानपणीही हेच. डॉक्टरांकडे सुई टोचायची असली की मी आधी.

निन्के: तू पहिला रडलास की माझं रडणं कुणाला ऐकू जायचं नाही. खा.

(दोघं जेवायला लागतात. काट्या-सुऱ्यांचा आवाज.)

निन्के: चांगला आहे बांगडा.

हिद्दे: खारट आहे.

निन्के: मला खारट चालत नाही म्हणून माझा सीत्स्केने धुऊन ठेवला होता. बेचव आहे. तरी चांगला आहे म्हणतेय. का थांबलास?

हिद्दे: निन्के, एक सांगू?

निन्के: खाता खाता सांग.

हिद्दे: तोंडात घास घेऊन सांगण्यासारखं नाही.

निन्के: मग गीळ आणि सांग.

हिद्दे: ते फोटोत दाखवायचं होतं, वगैरे. ते खरं आहे. पण सगळं तेवढंच नाही.

निन्के: मग?

हिद्दे: मला घाई झालीय ती तुझ्यासाठी नाही.

निन्के: मग कुणासाठी?

हिद्दे: माझ्यासाठी. मला भीती वाटते. त्या पहिल्या दिवशी मी हो म्हणालो तेव्हा असा ताठ होतो. मग घरी आलो आणि रोज थोडं थोडं... पावाचं पीठ फुगून खाली बसतं ना, तसं झालं. पोरांकडे बघतो. सीत्स्के झोपलेली असते. मी उठतो, भट्टी पेटवतो आणि वाटतं, टेबलावर मेलोच तर? म्हणून म्हटलं, ऑपरेशन लवकर झालं पाहिजे. माझा धीर संपायच्या आत. धीर पुरतोय तोवर. म्हणून काकडी.

निन्के: हं.

हिद्दे: हं काय? शिवी दे. तू मला शहाणा समजत होतीस ना? तुझा तो पहिला अंदाज फार चुकला नव्हता. पळालो नव्हतो, पण पाय दारातच होता.

निन्के: मग जा.

हिद्दे: कुठे?

निन्के: दाराबाहेर. मी गंभीरपणे बोलतेय. ग्रीतला फोन कर, म्हण मला नाही जमत. ते मला येऊन सांगतील की हिद्देचं रक्त जुळत नाही, का हाड जुळत नाही, काय वाटेल ते. मी मान हलवेन. रविवारी इथे कॉफीला येईन. सीत्स्केला कळणार नाही, गावाला कळणार नाही. आणि मी तुझ्या पाठीवर थोपटणार नाही ह्या वेळी, तुला आवडत नाही ते.

हिद्दे: आणि तू?

निन्के: मी यादीत थांबेन. नंबर वर येईल नाहीतर नाही येणार. तो माझा आजार आहे, हिद्दे. तू नाही दिलास मला.

हिद्दे: असं तोंडावर बोलतेस!

निन्के: मग कुठे बोलू? ऐक. भीतीने उपाशी राहून आणलेलं लिव्हर मला नकोय. ते माझ्या अंगात घेऊन मी रोज सकाळी उठणार, आणि रोज आठवणार की ह्याने घाबरत घाबरत, डोळे मिटून दिलं. तू डोळे उघडे ठेवून दे, नाहीतर देऊ नकोस. दोन्हीत मी तुझी बहीणच राहणार.

हिद्दे: तुला नाही भीती वाटत?

निन्के: मला? मला इतकी भीती वाटते की दातांनी चादर धरून झोपते. पण मला दुसरा रस्ता नाही, म्हणून मी शूर दिसते. तुला आहे. म्हणून तुला जास्त अवघड आहे. हे मला आत्ता कळतंय, तुझं ताट बघताना.

हिद्दे: फोन नाही करत मी.

निन्के: आज ठरवू नकोस.

हिद्दे: आज नाही ठरवत. पण एक गंमत सांगू? तू जा म्हणालीस आणि पोटातला दगडच सरकला. भूक लागली.

निन्के: मग घे ना तो पाव.

हिद्दे: चरबी...

निन्के: हिद्दे.

हिद्दे: घेतो, घेतो. ते ताक इकडे कर.

*

ग्रीत: झोपला नाहीत ना? हे प्यायचंय, सावकाश.

हिद्दे: काय आहे? अहो, हे गोड आहे!

ग्रीत: गोडच आहे. उद्या ऑपरेशन म्हणून.

हिद्दे: इतके दिवस साखरेच्या डब्याकडे नुसतं बघितलं तरी पाप होतं. आणि आता इस्पितळ स्वतः पाजतंय?

ग्रीत: आता ते लिव्हर प्रवासाला निघणार आहे. शिदोरी नको? चरबी नको, साठा हवा. गेल्या आठवड्यात तुम्ही माझं यंत्र जवळजवळ मोडलंत, म्हणून ही पायरी आली.

हिद्दे: निन्केला दिलं?

ग्रीत: त्यांचं वेगळं आहे. त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय.

हिद्दे: काय?

ग्रीत: म्हणाल्या, अजूनही दार उघडं आहे, सांगा त्याला.

हिद्दे: तिला सांगा, मी दार लावून घेतलंय. आतून. आणि डोळे उघडे आहेत म्हणावं.

ग्रीत: भीती वाटतेय?

हिद्दे: वाटतेय की. पण पोट भरलेल्या माणसाची भीती आहे ही. जरा बरी असते. हे अजून मिळेल का?

ग्रीत: नाही.

*

निन्के: वाकून का चालतोस म्हाताऱ्यासारखा?

हिद्दे: टाके ओढतात. हसवू नकोस, आधीच सांगतो. ग्रीतबाई, हिचा हात कुठे धरू? सगळीकडे नळ्याच आहेत.

ग्रीत: डावा धरा. आणि खुर्चीत बसा, उभे राहू नका. थोडाच वेळ, मग परत तुमच्या खोलीत.

हिद्दे: निन्के. इकडे बघ. उजेडाकडे बघ जरा.

निन्के: काय आहे?

हिद्दे: डोळे. पांढरे आहेत.

निन्के: नर्सही तेच म्हणाली. मला आरसा देत नाहीत, केस वाईट दिसतायत म्हणून असेल.

हिद्दे: पांढरे आहेत गं. पांढरे शुभ्र.

निन्के: रडतोस?

हिद्दे: टाके ओढतात म्हटलं ना.

ग्रीत: डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी तिथे नव्हते, पण त्यांनी खाली येऊन सगळ्यांना सांगितलं. तुमचा तुकडा जोडला, रक्त अडवून धरणारा चिमटा सोडला, रक्त आत गेलं आणि तो बघता बघता गुलाबी झाला. मग सगळे थांबले. पित्ताचा पहिला थेंब दिसेपर्यंत कुणी हललं नाही म्हणे. आणि मग तो आला.

हिद्दे: कसा होता?

ग्रीत: सोनेरी. म्हणाले, इतकं झटकन कामाला लागलेलं लिव्हर बऱ्याच दिवसांनी बघितलं.

निन्के: बेकरीवाल्याचं आहे. पहाटे उठायची सवय असणार त्याला.

हिद्दे: हसवू नकोस म्हटलं ना! आई गं. आणि माझं? मागे राहिलेलं?

ग्रीत: वाढतंय. सकाळचं रक्त चांगलं आहे. दोघांचंही वाढतंय, एकाच वेळी, दोन खोल्यांत. आता मी जाते. जेवणाची गाडी आली की दोघांनी निमूटपणे खायचं, ताट परत आलेलं मला कळतं.

निन्के: ग्रीतबाई.

ग्रीत: बोला.

निन्के: त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मला तुमचा फार राग आला होता.

ग्रीत: मला दिसला होता.

निन्के: बरं झालं नाही म्हणालात.

ग्रीत: झोपा आता. दार अर्धं लोटून जाते.

हिद्दे: गेली. चांगली बाई आहे. सीत्स्के खाली आहे, पोरांना घेऊन. त्यांना उद्या आत सोडणार आहेत. दुकानात सगळे विचारत असतात म्हणे, तुझ्या पुलावरचा तो बदलीवालाही येऊन गेला. पूल खालीच अडकला होता त्याचा परवा, सगळ्या होड्या थांबल्या.

निन्के: डावीकडचा खटका आधी ओढायचा असतो. सांगितलं होतं त्याला.

हिद्दे: तू आलीस की सांग परत.

निन्के: हं.

हिद्दे: दुखतंय?

निन्के: खूप. पण वेगळं दुखतंय. हे बरं होण्यातलं दुखणं आहे, असं वाटतं.

हिद्दे: माझंही तसंच.

निन्के: हिद्दे.

हिद्दे: काय गं?

निन्के: तुला काहीतरी सांगायचं ठरवलं होतं. आत नेताना, तिथे दिव्यांखाली. नीट शब्द जुळवले होते. आता आठवत नाही.

हिद्दे: राहू दे. उद्या सांग.

निन्के: हो. उद्या सांगते.